डाकोटा उडतं ठेवायचं की संग्रहालयात उभं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हवाई दलाचं जुनं डाकोटा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं पंख्याचं मालवाहू विमान, उडतं ठेवण्यावर पैसा घालण्यापेक्षा ते संग्रहालयात नीट उभं का करू नये? आणि उडतंच ठेवायचं, तर निवृत्त झालेलं एखादं मिग-२१ लढाऊ जेटही का नको?

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची आणि पत्र्याची देखभाल करणारा. भरती झालो तेव्हा डाकोटा सेवेत होती, त्यामुळे त्यांची शेवटची काही वर्षं माझ्या हाताखालून गेली. आता दाभोळ खाडीच्या काठी घरी असतो. माझं उत्तर: डाकोटा उडतं ठेवा, तो पैसा सत्कारणी लागतो. मिग-२१ उडवू नका.

विमान उभं केलं की खर्च संपला, हे आधी डोक्यातून काढा. कोकणातलं बंद घर तुम्ही पाहिलं असेल. मुंबईकर गणपतीपुरतं कुलूप काढतात. चुलीचा धूर नाही, सरकलेलं कौल बघायला कुणी नाही. चार पावसाळ्यांत वाळवी आढ्याला पोचते. शेजारचं तितकंच जुनं राबतं घर मात्र ताठ असतं. डाकोटाचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर. तो थर फाटला आणि रिव्हेटपाशी खारं पाणी बसलं, की आतला धातू पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. समुद्राजवळच्या एका तळावर एक विमान सुट्या भागांची वाट बघत दोन पावसाळे उघड्यावर राहिलं होतं. बाहेरून रंग चकचकीत. पोटाखालचा पत्रा काढला तर सांध्यात पांढरी भुकटी, आणि रिव्हेटची डोकी अंगठ्याने दाबली तरी हलत होती. ते उडतं असतं तर हे आधीच्याच तपासणीत सापडलं असतं, कारण तिथे सही करणाऱ्याला त्यात माणसं बसवायची असतात. उभ्या विमानालाही चांगलं छप्पर, कोरडी हवा आणि दरवर्षी उघडून बघणारा माणूस लागतो. तो खर्च धरून मग तुलना करा.

पण माझं खरं कारण पत्र्याचं नाही, हातांचं आहे.

डाकोटाला दोन इंजिनं, प्रत्येकात चौदा सिलिंडर, दोन ओळींत गोलाकार लावलेले. विमान रात्रभर उभं राहिलं की तेल ओघळून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच इंजिन सुरू केलं तर आतला दांडा वाकतो, आणि तो वाकलेला दांडा पुढे कधीतरी हवेत तुटतो. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवायचा, पाती मोजत. पुस्तकात एवढंच आहे. पण पातं अडलं तर ते नेहमीच्या दाबामुळे की तेलामुळे, हे पुस्तकातून कळत नाही, हाताला कळावं लागतं. मला एका वॉरंट ऑफिसरांनी माझ्या हातावर हात ठेवून ते शिकवलं. "हे बघ, हा दाब मऊ आहे, परत ढकलतो. आणि हा बघ, भिंत आहे. भिंत लागली की सोड, खालचे प्लग काढ." आजही तो फरक माझ्या तळहातात आहे. तसंच सुकाणूच्या कापडाचं. डाकोटाचं सुकाणू, एलेव्हेटर (शेपटीवरच्या हलत्या फळ्या), एलेरॉन (पंखांवरच्या हलत्या फळ्या) यांच्यावर धातू नाही, कापड ताणून दोऱ्याने टाचलेलं असतं आणि वरून डोप, म्हणजे कापड ताठ करणारं रोगण, चढवतात. टाका किती ओढायचा, हे मी बघून बघून शिकलो. माझ्या वडिलांच्या पिढीतले खलाशी शीड शिवायला असेच बसत असतील. उभ्या विमानाला यातलं काही लागत नाही, म्हणून उभ्या विमानापाशी हे कुणी शिकत नाही.

विद्या तुटली की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. काथ्याने फळ्या शिवून गोव्यात बांधलेली 'कौंडिण्य' ही शिडाची नौका मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. तसल्या जहाजाचा एकही आराखडा उरलेला नव्हता. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून आकार ठरवावा लागला. टाका मात्र चित्रातून मिळाला नाही. तो बाबू शंकरन आणि त्यांच्याबरोबरच्या केरळी कारागिरांच्या हातातून आला, कारण शिवायची विद्या तिकडे अजून जिवंत होती. ती नसती, तर चित्र घेऊन काय करणार होतो आपण? हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

हवाई दलाकडचं उडतं डाकोटा २०११मध्ये भंगारातून उचललेलं आहे. ब्रिटनमध्ये ते दुरुस्त झालं आणि एप्रिल २०१८मध्ये स्वतःच्या पंखांवर जामनगरला उतरलं. तेव्हा राज्यसभेचे खासदार असलेले राजीव चंद्रशेखर यांनी ते भेट दिलं. त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक होते. त्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. आणि नाव ठेवलंय 'परशुराम'. बाण मारून समुद्र मागे हटवल्याची गोष्ट ऐकत, चिपळूणच्या घाटातल्या देवळाच्या पायऱ्या चढत वाढलेल्या माणसाला ते नाव वाचून काय झालं असेल, हे मी लिहून सांगू शकत नाही.

आता विरुद्ध बाजू, आणि ती हलकी नाही. ऑगस्ट २०१५मध्ये इंग्लंडमधल्या शोरम इथे जुनं हंटर लढाऊ जेट कसरत करताना महामार्गावर कोसळलं, ११ माणसं गेली, आणि ती सगळी जमिनीवरची होती. ऑक्टोबर २०१९मध्ये अमेरिकेत प्रवासी घेऊन उडालेलं बी-१७ हे महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान पडलं, ७ जण गेले. चौकशीत अपुऱ्या देखभालीवरही बोट ठेवलं गेलं. म्हणून माझ्या अटी कडक आहेत. कसरती नाहीत, हौशी प्रवासी नाहीत, गर्दीवरून उड्डाण नाही. देखभालीत काटकसर करायची वेळ आली, तर त्याच दिवशी ते जमिनीवर. आणि जातीतलं शेवटचं विमान कधीही उडवू नये. डाकोटाच्या बाबतीत ती भीती नाही. लष्करी डाकोटाच दहा हजारांवर बनली, काही आजही जगात मालवाहतूक करतात, त्यामुळे सुटे भाग मिळतात. इंधन महाग आहे हे खरं. ताशी साडेतीनशे लिटरच्या आसपास, तेही जेटचं नव्हे, एव्हगॅस, म्हणजे पंख्याच्या विमानांचं खास पेट्रोल, जे आपण वर्षानुवर्षं आयात करत होतो. २०२२पासून इंडियन ऑइल ते देशात बनवू लागली. पण वर्षातले मोजकेच तास उडायचं असेल तर इंधनाचा बाऊ करू नये.

मिग-२१ला मी नाही म्हणतो, ते मन घट्ट करून. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला ती शेवटची उडाली तेव्हा मी टीव्हीसमोर उभा होतो. पण जेट हाताच्या विद्येवर चालत नाही. वैमानिकाला सीटसकट बाहेर फेकणाऱ्या, सीटखालच्या स्फोटक काडतुसांना मुदत असते, इंजिनाच्या पात्यांना तासांची मर्यादा असते, आणि त्यापुढे जायला बनवणाऱ्याची लेखी हमी लागते. ब्रिटनचं शेवटचं उडतं व्हल्कन बॉम्बफेकी जेट लोकांच्या देणग्यांवर २००७पासून आठ वर्षं उडालं. २०१५मध्ये ते थांबलं, कारण मूळ कंपन्यांनी तांत्रिक जबाबदारी घ्यायचं थांबवलं. देणगी देणारे तेव्हाही होते. गोव्याची नौदलाची सी हॅरियर जेट २०१६मध्ये थांबली, त्यांच्याबाबतही मी हेच म्हणालो असतो.

तेव्हा मिग-२१ उभंच करा, पण छपराखाली. आपल्या किनाऱ्यावर एखाद्या शाळेसमोर चौथऱ्यावर बसवायचं ठरलंच, तर मे महिन्यात शिडी लावून पोटाखालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करून घ्या. साळुंक्या त्यांत काड्या भरतात आणि पहिल्याच पावसात पाणी आत अडकतं.