एका लॅपटॉपची खोड सगळ्यांच्या माथी मारू नका

प्रश्न: लिनक्स ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) एकाच मॉडेलच्या हार्डवेअरचा दोष सांभाळायचा आहे. कोडमध्ये सरळ इफ (एक अट) टाकून रिलीज केलं तर चालेल का?

नाही चालणार. हे मला अमळनेरच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर कळलं.

तेव्हा मी एका छोट्या कंपनीत होतो. काट्याचं सॉफ्टवेअर, खाली आमचंच लिनक्स, मिळेल त्या स्वस्त लॅपटॉपवर चढवून द्यायचं. दिवाळीनंतरचा हंगाम, कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. लाईट गेली की काट्यावरचा माणूस लॅपटॉपचं झाकण पाडायचा, आली की उघडायचा, आणि उघडलं की टचपॅड बंद. शेठचा फोन: "भाऊ, बाण हालत नही, बाहेर गाड्या उभ्या शेतस."

धुळ्याहून एसटीने गेलो. कीबोर्डच्या फटीफटीत रुई, पण की सगळ्या चालत होत्या. गप्प फक्त टचपॅड. आय८०४२ म्हणजे कीबोर्ड-टचपॅडचा कंट्रोलर. ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्याचा एक पर्याय आय८०४२.नोमक्स लावला, फरक नाही. मग कंट्रोलर नव्याने सुरू करणारा आय८०४२.रीसेट लावला, झाकण पाडून उघडलं, बाण हलला. दहा वेळा पाडून-उघडून खात्री केली, मॉडेलचं नाव वहीत टिपलं.

आमचे सीनियर म्हणाले, "मॉडेल कशाला शोधत बसतोस? सगळ्यांनाच रीसेट दे." दिला. दोन आठवड्यांत धरणगावहून फोन. तिथले लॅपटॉप दुसऱ्या बनावटीचे, आधी ठणठणीत. आता झाकण उघडल्यावर कीबोर्डसुद्धा मेलेला. त्यांचा कंट्रोलर रीसेटनंतर जागाच होत नव्हता. शिव्या मी खाल्ल्या, त्याही शेतकऱ्यांसमोर.

कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, याची सोय कधीचीच आहे. आय८०४२ ड्रायव्हरमध्ये डीएमआयचं (बायोस सांगतं त्या मशीनच्या ओळखीचं) एक टेबल आहे: कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, आणि त्या मशीनला काय लागतं. 'रीसेट नेहमी द्या' आणि 'रीसेट कधीच देऊ नका' या दोन्ही खोडी त्याच टेबलात शेजारी-शेजारी आहेत. अमळनेर आणि धरणगावचं भांडण तिथे आधीच मिटलेलं होतं! आपली नोंद तिथे टाकायची, मूळ कोडला हात लावायचा नाही. वर कॉमेंट हवीच: काय बिघडतं, कशाने सुधारतं. कॉमेंट नसलेली नोंद पुढचा माणूस ना काढू शकतो, ना ठेवू शकतो.

एक सांगायचं राहिलं. डीएमआय-मॅच पूर्ण नाव जुळवत नाही, तुकडा सापडला तरी त्याला पुरतं. '१५' लिहिलंत तर '१५५' पण अडकेल. शंका असेल तिथे एक्झॅक्ट-मॅच वापरा. स्वस्त मशीनमध्ये मॉडेलच्या जागी बऱ्याचदा 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' (म्हणजे 'कंपनीने भरावं') एवढंच असतं. त्यावर कधीच जुळवू नका, मदरबोर्डचं नाव किंवा बायोसची आवृत्ती जोडीला घ्या. तुमचा बोर्ड एआरएमचा (मोबाइलमध्ये असतो तशा प्रोसेसरचा) असेल तर बहुतेक वेळा डीएमआय नसतंच. तिथे डिव्हाइस ट्रीतल्या, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरच्या यादीतल्या, 'कम्पॅटिबल' या नोंदीवरून ओळखायचं. आणि दोष त्या चिपच्या प्रत्येक नगात असेल तर मात्र मॉडेल शोधू नका, चिपच्या आयडीवरच इलाज लावा.

सीनियर म्हणायचे, "असं करत गेलो तर टेबलात शंभर ओळी होतील." होऊ देत. शंभर ओळींनी शंभर मशीन चालतात. त्यांच्या एका ओळीने धरणगावचा काटा दीड दिवस बंद होता, आणि कापूस गाडीत पडून होता.