थ्रॉटल बॉडी मोठी करण्याआधी

भावा, थ्रॉटल बॉडीचं (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) तोंड मोठं म्हणजे जास्त पॉवर, हे आधी डोक्यातून काढ. 1200 सीसीचं इंजिन 6000 आरपीएमला, सिलिंडर हवेने 85 टक्के भरतात असं धरलं तर, मिनिटाला 3060 लिटर हवा ओढतं. 44 मिमी व्यासाची 52 केलीस तर क्षेत्रफळ 40 टक्के वाढतं, इंजिनाची भूक मात्र तेवढीच. केबलवाल्या थ्रॉटलला मग यवतेश्वर घाटात पाव पेडललाच हिसके.

आधी गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लाव. चावी ऑन, इंजिन बंद: साताऱ्यात मॅप सेन्सर (थ्रॉटलनंतरचा हवेचा दाब मोजणारा) 93 किलोपास्कलच्या आसपास दाखवेल (100 नाही, आपण उंचावर आहोत). फुल थ्रॉटल, वरच्या आरपीएमलाही 90 टिकतंय? मग थ्रॉटल हवा अडवत नाही, पैसे वाचव. बरंच खाली येत असेल तर पहिल्यांदा एअर फिल्टर बदलून परत मोज.

तरीही बदलायचीच असेल, तर मॅनिफोल्डचं (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचं) तोंडही जुळवून घे. तिथे पायरी राहिली की खर्च वाया.