ब्रेकचे बोल्ट किती आवळायचे?

प्रश्न: गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलले. कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट पान्याला पाइप लावून, होता नव्हता तेवढा जोर देऊन आवळले. ब्लीडिंग (ब्रेक ऑइलमधली हवा काढणं) केल्यापासून ब्लीडरपाशी, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूपाशी, ओल दिसते. तो आणखी आवळू का? आणि टॉर्क रेंच (ठरवलेला जोर झाला की ‘टक’ करणारा पाना) घ्यायलाच हवा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: ब्लीडर आता अजिबात पिळू नका. त्याचे आटे गळती थांबवत नाहीत. त्याचं निमुळतं टोक आतल्या बैठकीवर घट्ट टेकतं आणि ब्रेक ऑइल तिथं अडतं. त्यासाठी साधारण ७ ते १० न्यूटन मीटर (पिळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं, माप) पुरतात, म्हणजे छोट्या रिंग पान्यावर नुसता मनगटाचा जोर. ब्लीडर आतून पोकळ असतो. जास्त पिळला की मुंडी तुटून हातात येते आणि उरलेला तुकडा कॅलिपरमध्येच अडकतो.

आधी खात्री करा. ब्लीडरच्या भोकात उरलेलं ऑइल कापडाच्या पिळलेल्या टोकानं टिपून घ्या. हँडब्रेक लावून इंजिन सुरू करा, पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा आणि मग भोकाला टिश्यू लावा. कोरडा निघाला तर ते मागचं शिल्लक ऑइल होतं. ओला झाला तर ब्लीडर नवा घाला, पुन्हा ब्लीड करा, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

मला जास्त काळजी पाइप लावून आवळलेल्या बोल्टांची वाटते. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणलेला असतो आणि तो ताणच भाग धरून ठेवतो. मर्यादेपलीकडे ताणला की तो कायमचा लांबतो, पकड सैल होते, पुढे कधी तरी तुटतो. छोट्या गाड्यांत कॅलिपरच्या स्लाइड पिनच्या (ज्या दांड्यावर कॅलिपर सरकतो तिच्या) बोल्टाला बहुधा २५ ते ३५ न्यूटन मीटर लागतात, कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटच्या जाड बोल्टाला ८० ते ११०. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १२ किलो जोर दिला की ३० न्यूटन मीटर होतात. तोच जोर एक मीटरच्या पाइपनं दिला तर जवळपास १२०! म्हणून ते बोल्ट काढून नवे घाला. नवा बोल्ट बोटांनी सहज आत जात नसेल तर पिनचेही आटे गेलेत, पिनही बदला.

टॉर्क रेंच हवाच. बोल्ट आधी हातानं पूर्ण बसवा, मग रेंच सावकाश ओढा आणि ‘टक’ झालं की थांबा. खात्रीसाठी पुन्हा टकटक केलीत तर बोल्ट जास्त आवळला जातो. या रेंचनं बोल्ट सोडवू नका, आणि ठेवून देताना रेंचवरचा आकडा पट्टीच्या तळाशी आणा. होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) सोडवला असेल तर त्याच्या बोल्टाखालचे दोन्ही तांब्याचे वॉशर नवेच लागतात. एकदा दबलेलं तांबं दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

प्रश्न: बोल्ट गंजू नये म्हणून आट्यांना ग्रीस लावावं का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: मॅन्युअल सांगत नसेल तर नाही. आवळण्याचा बहुतेक जोर घर्षणातच खर्च होतो. ग्रीसनं घर्षण घटलं की रेंचवर आकडा तोच दिसतो, पण बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. आटे तारेच्या ब्रशनं साफ करून कोरडेच ठेवा. ग्रीस लागतं ते स्लाइड पिनच्या गुळगुळीत दांड्याला, तेही ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. साध्या ग्रीसनं पिनवरचं रबरी आवरण (बूट) फुगतं, पिन अडकते आणि पॅड एका बाजूनं झिजतात.