गृहीतक, गृहीतकृत्य, परिकल्पना : आराखड्यात कुठे काय लिहायचं?

प्रश्न नागपूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. लघुप्रबंधाच्या आराखड्यात 'गृहीतके' आणि 'परिकल्पना' अशी दोन शीर्षकं आहेत, मराठी पुस्तकात मात्र 'गृहीतकृत्य' सापडतं. तिन्ही एकच असतील, तर तेच दोनदा लिहायचं का?

तिन्ही एक नाहीत. गृहीतकृत्य आणि परिकल्पना हे एकाच गोष्टीचे दोन शब्द, गृहीतक वेगळं.

गृहीतक आपण शाळेतच शिकलो आहोत. भूमितीत युक्लिडची गृहीतकं सिद्ध करायची नसतात, ती मान्य करूनच पुढे जायचं असतं. संशोधनातही तोच अर्थ. परिकल्पना म्हणजे तपासायचं विधान. भूमितीतल्या 'साध्या'शी तिची गल्लत करू नये. साध्य खरंच असतं, फक्त सिद्धता लिहायची राहिलेली असते. परिकल्पना खोटीही ठरू शकते, आणि ती शक्यता नसेल तर ती परिकल्पनाच नव्हे.

समजा, काटोल तालुक्यातल्या संत्राबागांचा अभ्यास आहे : ठिबक असलेल्या ५० आणि नसलेल्या ५० बागा.

गृहीतक : बागायतदारांनी सांगितलेले उत्पादनाचे आकडे विश्वसनीय आहेत.
शून्य परिकल्पना (फरक नाही असं मांडून तपासायचं विधान) : ठिबक असलेल्या व नसलेल्या बागांच्या हेक्टरी सरासरी उत्पादनात लक्षणीय फरक नाही.

(उत्पादनच लिहा. 'उत्पन्न' लिहिलं की परीक्षक ते रुपयांत मागतील.)

नेहमीची चूक म्हणजे 'ठिबकमुळे उत्पादन वाढते' हे वाक्य गृहीतकांत टाकणं. जे तपासायचं तेच मान्य करून टाकलं, तर बागा मोजायच्या कशाला? दुसरी चूक जरा लपून बसते. 'दोन्ही गटांतल्या झाडांचे वय सारखे आहे' हे गृहीतक म्हणून लिहिलं जातं. वय विचारता येतं, म्हणून ते धरून चालायचं नाही. सारख्या वयाच्या बागा निवडायच्या आणि ते नमुना निवडीत नोंदवायचं. नाहीतर दिसलेला फरक ठिबकचा की झाडांच्या वयाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. आणि 'फक्त काटोल तालुका' ही आपण स्वतः आखलेली परिमर्यादा आहे, तिला गृहीतकांत जागा नाही.

आता शब्दांची निवड. 'गृहीतकृत्य' समाजशास्त्राच्या मराठी पुस्तकांत रुळलेला आहे, चुकीचा मुळीच नाही. पण 'गृहीतका'च्या इतका शेजारी की टंकलिखित प्रतीत शेवटचा 'त्य' आणि 'कृ'मधला ऋकार गळला तरी वाचणाऱ्याला खटकत नाही, आणि अर्थ उलटा होतो. 'अभ्युपगम'ही काही ठिकाणी दिसतो. न्यायशास्त्रात अभ्युपगम-सिद्धान्त म्हणजे न तपासता वादापुरतं मान्य केलेलं मत, म्हणजे त्याचा मूळ कल गृहीतकाकडेच जातो. म्हणून माझं मत 'परिकल्पने'ला. हा हिंदीतून आला म्हणून काहींना नको असतो, पण नागपुरात हिंदी आणि मराठी संदर्भग्रंथ एकाच टेबलावर उघडे असतात. तिथे दोन्हीकडे तोच अर्थ देणारा शब्द सोयीचाच. विभागाचा ठरलेला शब्द वेगळा असेल तर तो घ्या, फक्त पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत तोच ठेवा.

क्रियापदंही सांभाळायला हवीत. दोन सरासरींतला फरक टी-चाचणीने तपासतात. ५० आणि ५० बागांसाठी स्वाधीनता मात्रा (एकूण बागा वजा २) ९८, ०.०५ सार्थकता स्तरावर (फरक नसतानाही तो आहे म्हणण्याची जोखीम ५ टक्के) द्विपुच्छ चाचणीचं (फरक कोणत्याही दिशेचा चालतो) सारणी टी-मूल्य, म्हणजे ओलांडायची मर्यादा, सुमारे १.९८. आपल्या आकड्यांतून प्राप्त मूल्य २.४० आलं, तर 'शून्य परिकल्पनेचा त्याग केला' असं लिहा. १.४० आलं, तर 'त्याग करता येत नाही' एवढंच. 'शून्य परिकल्पना सिद्ध झाली' लिहू नका : फरक असूनही १०० बागांत तो पकडला गेला नसेल, ही शक्यता उरतेच.

व्याकरणाचं थोडं : गृहीतक नपुंसकलिंगी, म्हणून गृहीतके, गृहीतकांचा. परिकल्पना स्त्रीलिंगी, अनेकवचनही परिकल्पनाच, पण सामान्यरूप 'परिकल्पनेचा' आणि 'परिकल्पनांचा' असं वेगळं. शीर्षकावरून एक की अनेक ते कळत नाही, म्हणून प्रत्येकीला क्रमांक द्यावा आणि निष्कर्षातही त्याच क्रमांकाने उल्लेख करावा.