माझंच मला झेपेना

“कॅन्सर दुसऱ्यांदा उलटलाय, आता हाडांत आहे. धाकटी बहीण कॅन्सर झालेल्या बायकांच्या आधारगटात जा म्हणून मागे लागलीय. चारचौघींत मला रडता येत नाही. माझंच मला झेपेना, त्यात दहाजणींचं दुःख कुठे ठेवू? आणि त्यातली एखादी गेली तर?”

ताई,

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय असं मला वाटतं. हो, एखादी जाईल. तसं काही होत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण ही भीती गटात न जाताही तुमच्या उशाशी आहेच ना? घरी ती बोलायला गेलं की “अभद्र बोलू नकोस” म्हणून तोंड बंद केलं जातं. चांगल्या गटात मरणाबद्दलही सरळ बोलतात, आणि एखादी गेली तर तिची आठवणही सगळ्याजणी मिळून काढतात.

गटाने आयुष्य वाढतं, असंही कानावर येईल. १९८९मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरबाबत तसं दिसलं होतं, त्याचा गाजावाजाही झाला. २००१च्या मोठ्या अभ्यासात ते दिसलं नाही. मात्र मनाचा ताण आणि वेदनेची जाणीव कमी झाली, तीही मुळात जास्त खचलेल्यांची अधिक. मला विचाराल तर तेवढंही पुष्कळ आहे.

रडण्याची सक्ती नसते. पहिल्या दिवशी दाराजवळ बसा, नुसतं नाव सांगा. निम्मा वेळ तर तोंड आल्यावर काय गिळता येतं, डॉक्टरांना कसं विचारायचं, यातच जातो.

गट मात्र पारखून घ्या. आजार पसरलेल्या बायका त्यात आहेत का, हे उपचार करणाऱ्यांकडे आधी विचारा. सगळ्या “आता बरी झाले” म्हणणाऱ्या असतील, तर तिथे तुम्ही जास्तच एकट्या पडाल. कुणी औषध विकू लागलं किंवा उपचार सोडा म्हणालं, तर चपला घालायच्या. तीनदा जाऊन पाहा. घरी आल्यावर दोन-दोन दिवस जड जात असतील तर सोडा, कुणाला कारण देऊ नका.

बहिणीला सोडायला येऊ द्या, पण बाहेर बसवा. ती समोर असली तर तिला धीर देण्यातच तुमचा सगळा वेळ जाईल.