रास्पबेरी पाय 4 या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाला हार्ड डिस्क जोडली की तो आपोआप रीस्टार्ट होतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह दिसतं. त्याचं मेमरी कार्ड खराब झालं का?

कार्डाला हात लावू नका, आधी चार्जर आणि केबल बघा. ती पिवळी वीज म्हणजे बोर्डाला मिळणारा व्होल्टेज साधारण 4.63 च्या खाली गेल्याची खूण आहे. या बोर्डाला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा फास्ट चार्जर चालेल असं वाटतं, पण त्याची ताकद बहुतेकदा 9 व्होल्टला असते आणि पाय ते मागतच नाही. 5 व्होल्टला तो पुरा पडेलच असं नाही.

केबलचंही तेच. तिचा रोध पाव ओहम धरा: 2 अँपिअर ओढले की अर्धा व्होल्ट वाटेतच गेला, चार्जरच्या 5 मधले बोर्डापाशी उरले साडेचार! मी स्वतः दोनदा कार्ड फॉरमॅट केलं होतं. शेवटी आखूड, जाड केबल लावल्यावर थांबलं.

चारही यूएसबी पोर्ट मिळून 1.2 अँपिअरच देतात, म्हणून डिस्क स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबवर लावा. मग डीमेसेजमध्ये (dmesg, सिस्टीमचे संदेश दाखवणारी लिनक्सची आज्ञा) 'अंडरव्होल्टेज' (voltage) शोधा. तरीही फाइली बिघडलेल्या दिसल्या, तर कार्ड दुसऱ्या लिनक्स मशीनला लावून, अनमाउंट करून (म्हणजे सिस्टीमच्या वापरातून सोडवून) एफएसचेक (fsck, फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा.