गजालीतले सवाल : पट्टा, पदर आणि ‘मुद्दाम घुसवलेले’

प्रश्न : टेन स्पोर्ट्स लागायचं तेव्हापासून डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ती अमेरिकन कुस्ती, बघतोय. आमची पिढी ट्रम्प कार्डं खेळून वाढली, अंडरटेकर सात वेळा मेला की नाही यावर शाळेत मारामाऱ्या केल्यात. पण हल्ली मजाच गेली. बायकांच्या मॅच शेवटी ठेवतात, कोण गे, कोण ट्रान्स ते आवर्जून सांगतात, सगळं मुद्दाम घुसवल्यासारखं वाटतं. मेरिट राहिलंच नाही. असं बोललो की भाचा म्हणतो, मामा तू जुनाट. खरंच झालोय का?
– वैतागलेला मामा, कुडाळ

उत्तर : मामा, जुनाट-बिनाट सोडा, आधी ते मेरिटचं बघू. ज्या मॅचचा निकाल दोघांनाही रिंगमध्ये उतरायच्या आधीच माहीत असतो तिथे मेरिट मोजायचं कसं? १९८९ साली न्यू जर्सीत खुद्द कंपनीनेच सरकारदरबारी सांगून टाकलं की बाबांनो ही स्पर्धा नाही, करमणूक आहे, कारण स्पर्धा म्हटली की ॲथलेटिक कमिशनचे, म्हणजे खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचे, नियम आणि पैसे मागे लागतात. म्हणजे चॅम्पियनचा पट्टा कोणाच्या कमरेला बांधायचा ते तेव्हाही ऑफिसात बसून ठरायचं आणि आजही तसंच ठरतं. २००७ ला ग्रेट खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तो काय डावपेचांवर? सात फुटांच्या वर उंची, तेच भांडवल. आणि २०१७ ला जिंदर महलने रँडी ऑर्टनला पाडलं तेव्हा तर तिकडचे फॅन तुमचंच वाक्य बोलत होते, की कालपर्यंत हरणारा माणूस, भारताचं मार्केट धरायला मुद्दाम पुढे आणलाय. बरं तो जन्मला कॅनडात. पण आपल्याकडे तेव्हा कोणी मेरिट काढलं का? सगळे ‘आपला माणूस’ म्हणून खूश. तुम्ही पण असणार त्यात, नाही म्हणू नका.

बायकांचं म्हणाल तर ते वरून घुसवलेलं नाहीच मुळी, फॅननी भांडून घेतलंय. फेब्रुवारी २०१५ मध्ये सोमवारच्या शोमध्ये चौघींची टॅग मॅच (दोघी विरुद्ध दोघी) अर्ध्या मिनिटात गुंडाळली, त्यावर लोक असे भडकले की ट्विटरवर तोच विषय. पुढच्या वर्षी रेसलमेनिया ३२ ला (रेसलमेनिया म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) तो ‘डिवाज’चा, म्हणजे बायका पैलवानांचा, फुलपाखराचा पट्टा गेला आणि पुरुषांच्या पट्ट्यासारखाच पट्टा आला. मग नोव्हेंबर २०१८. बेकी लिंच या पैलवान बाईचं नाक फुटलंय, तोंडभर रक्त, आणि ही बाई पब्लिकमध्ये पायऱ्यांवर हात पसरून उभी आहे. ते रक्त खरं होतं, ठोसा चुकून जोरात लागलेला, स्क्रिप्टमध्ये नव्हता. ते बघितल्यावर पब्लिक तिच्या मागे असं लागलं की विचारू नका. ७ एप्रिल २०१९ ला रेसलमेनिया ३५ ची शेवटची मॅच ती, रोंडा राउझी आणि शार्लट फ्लेअर यांची झाली, बायकांना तो मान पहिल्यांदाच, आणि बेकी जिंकली.

तुमचा वैताग सगळाच फुकट आहे असंही नाही हां. कंपनीला कोणाचा पुळका नाही, तिला गिऱ्हाईक दिसतं. एकीकडे बायकांची क्रांती म्हणून जाहिराती चालू आणि त्याच काळात, एप्रिल २०१८ ला, सौदीत जेद्दाला एवढा मोठा शो केला त्यात एकाही बाईची मॅच नाही. दीड वर्षाने रियाधला नताल्या आणि लेसी इव्हान्स लढल्या त्या अंगभर कपडे घालून. डॅरेन यंग या पैलवानाने ऑगस्ट २०१३ मध्ये आपण गे आहोत हे उघड सांगितलं तेव्हा कंपनीने पाठ थोपटली, पण २०१५ ला जोडीचा टॅग टीम पट्टा मिळाला तेवढाच, एकट्याचा पट्टा काही त्याला दिला नाही. तेव्हा ‘दाखवेगिरी चाललीय’ म्हणालात तर मी तुमच्या बाजूने. पण दाखवेगिरी करते कंपनी आणि आपण शिव्या घालतो रिंगमधल्या माणसाला, हे मला पटत नाही.

जत्रेत दशावतार बघता ना तुम्ही? राणी झालेला बाप्या दुपारी बागेत काम करून आलेला असतो, पेटाऱ्यापाशी बसून आपलाच रंग आपण लावतो, आणि रात्री दोन वाजता त्या एकुलत्या एका बाकड्यावर बसून नवरा युद्धात पडला म्हणून असा टाहो फोडतो की पुढच्या म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावतात. युद्धपण खोटं, निकालपण ठरलेला. कोणी विचारतं काय, हा बाप्या साडी नेसून इथे कशाला घुसवला? विचारतात ते एवढंच, काम बरा केल्यान काय नाय. (यावरून आपण फार पुढारलेले वगैरे समजू नका. बाप्ये राणी व्हायचे कारण बायकांना त्या बाकड्यापर्यंत कोणी येऊच देत नव्हतं, आणि आता बायकांची मंडळं दशावतार करतात तर नाकं मुरडणारे आहेतच.)

तर भाच्याला ‘स्टोरी पातळ होती, मॅच रटाळ झाली’ असं बिनधास्त सांगा, तो गप ऐकेल. ‘बाई आहे म्हणून’ किंवा ‘ट्रान्स आहे म्हणून’ वर गेलात की मग तुम्ही मॅचबद्दल बोलतच नाही आहात, आणि हे त्याला बरोबर कळतं.

प्रश्न : दादाच्या मित्रांबरोबर मॅच बघायला बसले की माझीच परीक्षा सुरू. ‘सांग बघू डब्ल्यूडब्ल्यूईचा पहिला इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियन (तो एक वेगळा पट्टा) कोण?’ मुलग्यांना कोणी विचारत नाही. काय करू?
– मालवणची फॅन

उत्तर : अगो बाय, हाच प्रश्न विचारतात? मग तुझी लॉटरीच लागली. उत्तर पॅट पॅटरसन, १९७९. रिओमध्ये टुर्नामेंट जिंकून पट्टा मिळवला असं कंपनीने जाहीर केलं, आणि अशी टुर्नामेंट कधी झालीच नव्हती! (कुडाळच्या मामांनी हे पण मेरिटच्या खात्यात लिहून घ्यावं.) एवढं सांगितलंस की उलट विचार, तीस-तीस जण एकामागून एक येतात ती रॉयल रंबल कोणाच्या डोक्यातून निघाली? त्याच्याच. आणि मग शांतपणे सांग की हा माणूस गे होता, आतल्या लोकांना कित्येक वर्षं माहीत होतं, सगळ्या जगासमोर टीव्हीवर बोलला तो २०१४ ला. म्हणजे ज्यांना ‘आता घुसवलेत’ म्हणतात त्यातलाच एक जण तुमचा आवडता खेळ रचून बसलाय. पोरं जरा वेळ तरी गप होतील. आणि नाहीच झाली तर रिमोट तुझ्या हातात ठेव, परीक्षा देत बसू नको.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, कुस्ती शिकायची म्हणते. सासूबाई म्हणतात कबड्डी चालेल, कुस्ती बायकांची नव्हे. टीव्हीवरच्यासारखं लागेल-बिगेल याची मलाही भीती वाटते.
– एक आई, चिपळूण

उत्तर : वहिनी, टीव्हीवरचं आणि हे पूर्ण वेगळं. इथे निकाल खरा, वजनी गट असतात, मुलगी मुलीशीच लढते, खुर्ची डोक्यात कोणी घालत नाही. सासूबाईंना सांगा, १९५० च्या दशकात हमीदा बानू पुरुष पैलवानांना जाहीर आव्हान देऊन लढायची. २००४ पासून ऑलिम्पिकमध्ये महिला कुस्ती आहे, २०१६ ला साक्षी मलिकने ब्राँझ आणलं. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आणि महिलांची पहिली २०२३ ला सांगलीत, प्रतीक्षा बागडी जिंकली. मधल्या बासष्ट वर्षांत कोणाला घाई नव्हती! कोकणात खरी अडचण वेगळीच, कबड्डीची मैदानं वाडीवाडीत आणि मॅटवरची तालीम शोधावी लागते, पुढे जायचं म्हटलं की घाट चढून कोल्हापूर नाहीतर सांगली. तालीम बघायला स्वतः जा, मुलींची कपडे बदलायची सोय आणि कोच कसा बोलतो ते बघा, आणि या वयात वजन उतरवायला उपाशी ठेवायची भाषा कोणी केली तर तिथून परत या.

प्रश्न : ॲनिमेतल्या (जपानी कार्टून) कॅरेक्टरचा कॉस्प्ले, म्हणजे हुबेहूब वेष, करायचाय, मित्र म्हणतात तू काळा, तुला शोभणार नाही.
– रत्नागिरी, कॉलेज

उत्तर : त्या कॅरेक्टरचे केस निळे आणि डोळे ताटलीएवढे, ते कोणाला शोभतात? बिनधास्त कर, चेहरा गोरा करायला पावडर थापू नको, सगळा जीव विग आणि शिवणीत घाल. आणि कार्यक्रम डिसेंबरात ठेव रे, आपल्या मे महिन्याच्या घामात तो विग दहा मिनिटं टिकायचा नाही.